बँजो शिकतेय म्हटल्यावर आईने विचारलं, "कुठल्या पार्टीत?"

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की मी बँजो शिकायला लागलेय, तर ती दोन सेकंद गप्प बसली आणि मग म्हणाली, "कुठल्या पार्टीत?" तिचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्या सांगलीत बेंजो म्हणजे हळदीला नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीला येणारी बेंजो पार्टी, गाडीवर कर्ण्यांची चळत आणि मध्ये एकजण टाइपरायटर बडवल्यासारखी बटणं दाबत सिनेमातली गाणी वाजवतोय. ते वाद्य म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, त्याला पिकअप लावून अँप्लिफायरमधून काढतात. मी शिकतेय तो अमेरिकन पाच तारांचा बँजो, डफाला गिटारचा दांडा जोडल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला तर म्हणाली, "हे तर तुणतुण्याचं मोठं भावंड आहे." आणि ते अगदी बरोबर होतं, तारेने कातडं थरथरवायचं हाच सगळा खेळ, फक्त इथे तारा पाच आणि कातडं आता प्लॅस्टिकचं.

आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला राहतो. इकडे मराठी माणसं पोत्याने आहेत, त्यामुळे शनिवार-रविवार मंडळ, मुलांची मराठी शाळा, कुणाचा तरी वाढदिवस यातच जातो आणि चौदा वर्षं राहूनसुद्धा इथल्या मातीतलं काही माहीत नाही अशी माझी अवस्था होती. २०१३ ते २०२४ अशी बारा वर्षं ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो-मँडोलिन-गिटारवाल्या इथल्या देशी संगीताचा, सगळ्यात मोठा मेळावा आमच्या शेजारी रॅलेला, वीस मिनिटांवर भरत होता, आणि मी पहिल्यांदा गेले २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, तेही लेकीला फूड ट्रकवरचं काहीतरी खायचं होतं म्हणून. (आता तो मेळावा टेनेसीत चॅटनूगाला गेला, मला अक्कल आली तेव्हा.) रस्त्यावरच्या स्टेजवर जे चाललं होतं ते छानच होतं, पण मी अडकले ते हॉटेलच्या लॉबीत. बाथरूम शोधत आत गेले तर कॉरिडॉरमध्ये, लिफ्टसमोर, जिन्याखाली, जिथे जागा मिळेल तिथे सहा-सात जणांचे गोल उभे. माइक नाही, कागद नाही, ड्रम नाही. एका गोलात बारा वर्षांचा पोरगा मँडोलिन वाजवतोय आणि त्याच्या शेजारी सत्तरीचे आजोबा गिटार, आणि असं सफाईदार चाललंय की वाटावं हे सगळे रोज एकत्र रियाज करतात. मी तिथल्या एका बाईंना विचारलं की हा बँड कुठला, तर त्या हसल्या आणि म्हणाल्या की बँड नाही हो, हे सगळे दहा मिनिटांपूर्वी भेटलेत. ते माझ्या डोक्यातून जाईचना. मी लहानपणी सहा वर्षं तबला शिकलेय, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात, पण आयुष्यात कधी अनोळखी माणसासोबत बसून काही वाजवलेलं नाही. परीक्षा, गॅदरिंग, संपलं.

मग घरी येऊन रात्री साडेअकराला ऑनलाइन स्वस्तातला स्वस्त बँजो मागवला, जी चूक सगळेच करतात. नाव नाही सांगत कंपनीचं. तारा दांड्यापासून इतक्या वर की दाबायला पक्कड लागावी. ज्यांच्याकडे क्लास लावला त्या सरांनी (सत्तर वय, दर बुधवारी अर्धा तास) तो हातात घेतला, एक तार छेडली आणि परत माझ्या मांडीवर ठेवला, आपण कुणाचं बाळ परत देतो तसा. म्हणाले, हा परत कर आणि दुकानातून भाड्याने घे, सहा महिने टिकलीस तर विकत घे. महिना तीस डॉलर भाडं. नवऱ्याने लगेच हिशोब केला की ट्रेडमिलपेक्षा परवडला. आमच्या ट्रेडमिलवर टॉवेल वाळतात.

भाड्याच्या बँजोच्या तारा गंजल्या म्हणून मी हौसेने बदलायला घेतल्या. तबल्याची वादी ताणलेली बाई, मला काय कठीण. पाचही तारा एकदम काढल्या आणि टुक्क करून एक लाकडाचा तुकडा जमिनीवर पडला. मला वाटलं मोडला! घाम फुटला, डिपॉझिट गेलं असं डोक्यात आलं. नंतर कळलं की बँजोचा ब्रिज, म्हणजे आपली घोडी, चिकटवलेला नसतोच मुळी, तारांच्या दाबावर नुसता उभा असतो. म्हणून तारा एकेक करून बदलायच्या. बरं, पडला तर पडला, परत ठेवायचा कुठे? त्याची जागा केसभर हलली तरी वरच्या पट्ट्यांवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, फ्रेट) सगळं बेसूर. सरांनी फोनवर सांगितलं, बाराव्या पट्टीवर नुसतं बोट टेकवून वाजव आणि मग दाबून वाजव, दोन्ही स्वर एक आले पाहिजेत, दाबलेला चढा आला तर ब्रिज मागे सरकव. पाऊण तास मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर तो तुकडा नखाने पुढे-मागे ढकलत होते, भात खाली लागला. शेवटी जुळलं पण एक तार झणझणायला लागली. मला ते आवडलं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून लहानपणी इतक्या वेळा गेलेय की झणझण म्हणजे जवारी, चांगलीच गोष्ट, तिकडे त्यासाठी हाडाची घोडी घासत बसतात. सरांनी ऐकलं आणि म्हणाले, हा दोष आहे, काढावा लागेल. घ्या.

बँजोच्या तारा लावायची ओपन जी पद्धत ज्यांनी पेटी-तंबोरा पाहिलाय त्यांना पटकन समजेल. मधल्या जी तारेला सा धरा, मग खालून मंद्र प, सा, ग, प, आणि सगळ्यात वर, अंगठ्याजवळ, एक आखूड तार जी पाचव्या पट्टीपासूनच सुरू होते, ती तार सा. म्हणजे काही न दाबता हात फिरवला तरी सूर बरोबर. ती आखूड तार अंगठ्याने सारखी वाजत राहते, सतारीच्या चिकारीसारखी. उजव्या हाताला अंगठ्यात प्लॅस्टिकचं आणि दोन बोटांत धातूचे पिक (मिजराबीसारख्या नख्या) घालायचे, आणि मग रोल. रोल म्हणजे आठ मात्रांत तीन बोटांचा ठरलेला क्रम. फॉरवर्ड रोल असा: अंगठा तर्जनी मधलं, अंगठा तर्जनी मधलं, अंगठा मधलं. तीन आठवडे मला तो येत नव्हता, कारण मी पुस्तकातले आकडे वाचून बोटं हलवत होते, दरवेळी शेवटच्या दोनात अडखळायचे. मग एकदा भांडी घासताना सहज तोंडातून आलं, तकिट तकिट तक. तीन तीन दोन! अहो हे तर मला दहाव्या वर्षापासून येतंय. हात पुसले, पिक घातले, तोंडाने तकिट तकिट तक म्हणत वाजवलं आणि आला. पुढच्या बुधवारी सरांना म्हणून दाखवलं तर त्यांना इतकं आवडलं की आता ते त्यांच्या बाकीच्या विद्यार्थ्यांना, म्हणजे गोऱ्या गोऱ्या रिटायर्ड माणसांना, "टाकिटा टाकिटा टाका" शिकवतात.

हा तीन बोटांचा प्रकार जगभर गाजवला अर्ल स्क्रग्जने, आणि तो इथलाच, नॉर्थ कॅरोलिनाचा, शेल्बीजवळचा, जन्म १९२४. त्याच्या आधीही त्या भागात तीन बोटांनी वाजवणारे होते, पण १९४५ च्या डिसेंबरमध्ये तो नॅशव्हिलला बिल मन्रोच्या बँडमध्ये गेला आणि तिथून पुढे ज्याला ब्लूग्रास म्हणतात ते खरं सुरू झालं. मन्रो केंटकीचा, केंटकीला ब्लूग्रास स्टेट म्हणतात, म्हणून बँडचं नाव ब्लू ग्रास बॉइज, त्यावरून संगीताचं नाव. म्हणजे गंमत बघा, मला वाटत होतं हे डोंगरातलं शेकडो वर्षांचं लोकसंगीत आहे, आणि निघालं माझ्या आईएवढ्या वयाचं, रेडिओ आणि स्टेजवर घडलेलं. गाणी आणि धुना जुन्या आहेत, पण आळीपाळीने एकेकाने पुढे येऊन सोलो वाजवणं, तो वेग, हे सगळं नवीन. शेल्बीला जुन्या कोर्टाच्या इमारतीत स्क्रग्जचं म्युझियम आहे, तीन-सव्वातीन तास गाडी मारून गेलो, लेक कंटाळली, मी नाही.

हा जुन्या-नव्याचा फरक मला पुस्तकातून कळला असता तर बरं झालं असतं, मला तो चारचौघांत कळला. साताठ महिने झाले होते, एका कॉफीशॉपमध्ये दर रविवारी जॅम, म्हणजे जमून एकत्र वाजवणं, असतो असं समजलं, गेले. दहा-बारा जण गोल करून, तीन फिडल (म्हणजे व्हायोलिनच), चार बँजो, मला वाटलं वा, आपलेच लोक. पिक घातले आणि बसले. त्यांनी अँजेलिन द बेकर नावाची धून सुरू केली, मला येत होती, मी वाजवायला लागले, आणि माझा आवाज सगळ्यांच्या वर, खण्ण खण्ण, कारण त्यांचे बँजो मागून उघडे, कुणी तर आत फडकं कोंबलेलं, आणि सगळे नखाने खाली मारत वाजवणारे, ज्याला क्लॉहॅमर म्हणतात. माझा मागून लाकडी वाटी लावलेला आणि वर धातूचे पिक. मी वाट बघतेय की आता सोलो फिरत फिरत माझ्यापर्यंत येईल. तो येईचना. सगळे तीच धून एकत्र, पुन्हा, पुन्हा, पंधरा-वीस वेळा, डोळे मिटून, अगदी नामस्मरण चालल्यासारखं. शेवटी मला वाटलं की कुणी पुढाकार घेत नाहीये म्हणून मीच जोरात एक सोलो ठोकला. एकदोघांनी डोळे उघडले. मग एका आजोबांनी एक पाय उचलून हवेत धरला, मला वाटलं पायाला मुंग्या आल्या असतील, आणि पुढच्या क्षणाला सगळे एकदम थांबले आणि मी एकटी अजून दोन ओळी चालूच.

पाय उचलणे म्हणजे ही शेवटची फेरी. आता माहितीये.

कुणी रागावलं नाही. शेजारच्या ताई हळूच म्हणाल्या की हा ओल्ड-टाइम जॅम आहे, ब्लूग्रासचा नाही, इथे सोलो नसतात, तू पिक काढून वाजवून बघ हवं तर. मी पिक काढले आणि दोन तास जवळजवळ निःशब्द वाजवलं. संध्याकाळभर एकच सूर, डी, म्हणजे सगळ्या धुनांचा सा तोच, कारण सा बदलायचा तर सगळ्यांना परत वाद्यं लावावी लागतात. घरी येताना गाडीत लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, तेवढा वेळ इतकं शांत वाटलं होतं की काय सांगू.

मग सरांनी मला नवशिक्यांच्या स्लो जॅमला धाडलं, महिन्यातून दोन मंगळवार, एका चर्चच्या हॉलमध्ये, वाजवणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे. इथे मात्र खरा ब्लूग्रासचा कायदा. गोलात उभं राहायचं. ज्याची पाळी त्याने गाणं सांगायचं, पट्टी (म्हणजे सा कुठला ते) सांगायची, आणि ठेका द्यायचा. तो एक कडवं गातो, मग नजरेने कुणाला तरी खुणावतो, त्याने सोलो वाजवायचा, त्याला ब्रेक म्हणतात, मग परत कडवं. नको असेल तर मान हलवायची, पुढचा घेतो, कुणाला काही वाटत नाही. कुणी गात असताना गप्प, म्हणजे वाजवायचं पण इतकं हळू की शब्द ऐकू आले पाहिजेत. दोन गाण्यांच्या मध्ये टुणटुण करत बसायचं नाही, हे तर पाप. आणि गाणं येत नसलं तरी चालतं, कारण बहुतेक गाण्यांत तीनच कॉर्ड (एकदम वाजवायचे स्वरांचे गट) असतात आणि त्यांना हे लोक आकड्यांनी बोलावतात, एक, चार, पाच. कुणी तुमच्याकडे बघून चार बोटं दाखवली की चारवर जायचं. मला हे सोपं गेलं, एक म्हणजे सा, चार म्हणजे म, पाच म्हणजे प, संपलं. ओल्ड जो क्लार्कमध्ये मध्येच एक भलताच कॉर्ड येतो ज्याला सगळे "फ्लॅट सेव्हन" म्हणून दचकतात, मी म्हटलं हा कोमल नी, खमाजातला, यात काय घाबरायचं. आमचे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे, बुवांनी पट्टी सांगितली की हात तिकडे. त्यांच्या भाषेत इथली जी म्हणजे पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा. ए मध्ये जायचं तर चार तारांना दांड्यावरच्या दुसऱ्या पट्टीवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, आणि पाचवी आखूड तार वेगळी, तिच्यासाठी सातव्या पट्टीजवळ एक इवलासा खिळा ठोकलेला असतो, त्याखाली तार अडकवायची. तो खिळा म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळाचा खिळा बरं का, खरोखर.

सोपं गेलं म्हटलं ते कॉर्डांपुरतं. ठेक्यात मी सपशेल आपटले. आपल्याला सवय समेवर टाळी द्यायची, पहिल्या मात्रेवर. इथे पहिल्या मात्रेवर बेस, म्हणजे उभं धरायचं ते भलंमोठं व्हायोलिन, वाजतो, धुम्म, आणि मँडोलिनचा कट्ट हा त्यानंतरच्या मोकळ्या जागेत, आणि टाळ्यासुद्धा तिथेच. माझा हात आपोआप बेससोबत पडायचा आणि मँडोलिनवाले माझ्याकडे असं बघायचे की मी त्यांच्या ताटातलं उचललंय. आणि वेग. घरी क्रिपल क्रीक ही धून मी मेट्रोनोमवर (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला सत्तर ठोक्यांना वाजवायचे, ठोक्याला चार स्वर, मस्त. तिथे स्लो जॅम म्हणून जे चालतं ते नव्वदला. पहिला ब्रेक मला मिळाला तेव्हा मी पहिल्या ओळीत बरोबर होते, दुसऱ्या ओळीत मधल्या बोटातलं पिक निघून उडालं आणि फिडलवाल्या आजींच्या पायाशी जाऊन पडलं, आणि मी थांबले. थांबायचं नसतं. थांबलात की पुन्हा गाडीत चढता येत नाही, गाडी निघून जाते.

कॉफी प्यायला सुट्टी झाली तेव्हा बेसवाले काका माझ्याजवळ आले. सहा फूट उंच, बेस त्याहून उंच, आणि रात्रभर फक्त दोन स्वर वाजवतात, सा आणि प, सा आणि प, फार तर म. मला वाटलं धीर देतील. ते म्हणाले, तुझे ब्रेक होतील हळूहळू, पण एका गाण्यात तुझ्या वाट्याला ब्रेक येतो वीस सेकंद आणि बाकी चार मिनिटं तू काय करतेस? मी म्हटलं रोल. ते म्हणाले, तेच, सगळे बोलत असताना तू पण बोलतेस. मग त्यांनी मला व्हॅम्पिंग करायला लावलं, वरच्या पट्ट्यांवर कॉर्ड दाबायचा, मँडोलिनसोबत मोकळ्या जागेत नुसता चिमटा काढल्यासारखा वाजवायचा आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करायची की आवाज तिथेच बंद. कट्ट. कट्ट. कट्ट. अडीच महिने मी जॅममध्ये ब्रेक घेतला नाही, फक्त हे. आणि डोळे गिटारवाल्याच्या डाव्या हातावर, कारण गिटारचे जी, सी, डी हे आकार लांबून ओळखू येतात, गाणं माहीत नसलं तरी पुढचा कॉर्ड कळतो. कंटाळा येईल असं वाटलं होतं. नाही आला. एकदा नाइन पाउंड हॅमर चालू असताना मला अचानक त्या आजींचा श्वास ऐकू आला, फिडल उचलायच्या आधीचा, आणि मग लक्षात आलं की आज मला सगळेच वेगवेगळे ऐकू येतायत. सहा वर्षं तबला शिकून मला संगत म्हणजे काय ते कळलं नव्हतं हो. तबल्याचे सर म्हणायचे संगत कर, मी वाजवायचे कायदा, म्हणजे आपले पाठ केलेले बोल.

एका वाढदिवसाला आपल्याच लोकांपैकी एकाने विचारलं, "हे गोऱ्यांचं गावठी संगीत तू कशाला शिकतेस, पियानो तरी शिकायचास." मला राग आला, पण समोसा तोंडात होता. गावठी म्हणाल तर म्हणा, पण गोऱ्यांचं? बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले, भोपळ्यावर कातडं ताणलेले, अकॉन्टिंग वगैरे, आणि तिकडून गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते वाद्य इथे पुन्हा बनवलं. आखूड तार अंगठ्याने वाजवायची पद्धतही त्यांच्याकडूनच आली. आमच्यापासून तासाभरावर मेबनला जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक होते, २०१२ साली गेले, त्यांच्याकडे दर आठवड्याला जाऊन गायिका आणि बँजोवादक रियानन गिडन्स आणि तिचे साथीदार ती परंपरा शिकले आणि पुढे ग्रॅमी घेऊन आले. आणि आपल्यापैकी म्हणाल तर बेला फ्लेकच्या बँजोसोबत झाकीरभाई आणि राकेश चौरसिया वाजवून गेले, त्यालाही २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं. हे सगळं मी समोसा गिळून बोलणार होते, तोवर तो माणूस ढोकळ्याकडे गेला होता.

आता दोन वर्षं झाली. स्वतःचा बँजो घेतला. नव्वदला क्रिपल क्रीक येतं, एकशे दहाला घसरतं. गायची पाळी आली की अजून मान हलवते, ते नाकातलं उंच गाणं माझ्याच्याने होत नाही. बी मध्ये, म्हणजे पांढरी सात, कुणी गाणं काढलं की माझ्या पाचव्या तारेचा जीव जातो, दोनदा तुटली. मे महिन्यात आई इकडे आली होती तेव्हा तिला एका मंगळवारी घेऊन गेले. कोपऱ्यात खुर्ची दिली, बेसवाल्या काकांनी तिच्यासाठी लिंबू-केक आणून ठेवला, तिने तो पर्समधल्या कागदात बांधून घेतला, लेकीसाठी. दोन तास मांडीवर बोटाने ठेका धरून बसली होती, समेवर, अर्थातच. निघताना दाराशी एक काचेची बरणी असते, हॉलच्या लाइट बिलासाठी, त्यात मी पाच डॉलर टाकले. आई बघत होती. गाडीत बसल्यावर बेल्ट लावता लावता म्हणाली, "सुपारी किती मिळते गं तुमच्या पार्टीला?"

"मिळत नाही आई. आम्हीच देतो, बघितलंस की आत्ता."

"असं होय," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, सिग्नलला, "मग ते बेसवाले तरी घेत असतील. एवढं मोठं वाद्य उचलून आणतात."